जेवूनच जा, ऊटा माडकोंडे होग्रि: दोन भाषांत रिसेप्शनचं निवेदन करताना

माझ्या चुलतभावाचं लग्न झालं तेव्हा वधूकडची मंडळी धारवाडची होती आणि रिसेप्शन आमच्याकडे, मिरजेत. निवेदनाला बाहेरून माणूस बोलावला होता. त्याचा आवाज छान होता, चारोळ्याही पाठ होत्या. सव्वाआठला त्याने मराठीत जाहीर केलं की जेवण सुरू झालंय, मंडपाच्या मागच्या बाजूला या. आमची माणसं उठली. वधूच्या आजी आणि त्यांच्या भोवतीच्या दहा-बारा जणी मात्र खुर्च्यांवर बसून राहिल्या. बोलावल्याशिवाय पानावर जायचं नाही ही त्यांची रीत, आणि त्यांना कळेल अशा शब्दांत कुणी बोलावलंच नव्हतं. साडेनऊला त्यांची बस निघाली. आजी जेवल्याच नाहीत हे आम्हाला दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं.

पुढे सख्ख्या धाकट्या भावाचं लग्नही धारवाडलाच ठरलं, तेव्हा माईक मी मागून घेतला. हुबळीत पाच वर्षं नोकरी केल्यामुळे मला कामापुरतं कन्नड येतं. त्यानंतर नात्यातल्या आणखी दोन घरांसाठी हे काम केलं. जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते. उदाहरणं मराठी-कन्नडची आहेत, पण तुमच्या घरी गुजराती, तेलुगू किंवा तमिळ सून-जावई येणार असतील तरी पायऱ्या याच.

१. काय दोन्ही भाषांत सांगायचं, ते आधी ठरवा

नवीन माणूस पहिली चूक इथेच करतो. प्रत्येक वाक्याचं भाषांतर करायला जातो आणि अर्ध्या तासात दोन्हीकडचे पाहुणे कंटाळतात.

माझा नियम सोपा आहे. जे ऐकून पाहुण्याला काही करायचं आहे, ते दोन्ही भाषांत आणि लागोपाठ. जेवायला चला, फोटोसाठी रांगेत या, गाडी काढा, बस निघते आहे, लहान मूल हरवलंय, औषधाची पिशवी सापडलीय, अहेर आणू नका. यात एकही सूचना एका भाषेत सुटता कामा नये. मध्ये दुसरं काही बोलायचं नाही, गाणंही लावायचं नाही.

जे फक्त ऐकून आनंद घ्यायचा आहे, ते एका भाषेत चालतं. भावाच्या शाळेतल्या मित्राने मराठीत आठवण सांगितली, तर तिचं सगळं कन्नड करायची गरज नाही. 'हे वराचे शाळेतले मित्र, लहानपणीची आठवण सांगताहेत' एवढं एक वाक्य दुसऱ्या भाषेत पुरतं. मंडळी चेहऱ्यावरून बाकीचं समजून घेतात.

चारोळ्या, कोट्या, शब्दांचे खेळ यांचं भाषांतर करूच नका, ते टिकत नाहीत. उखाण्याचं मात्र वेगळं आहे. उत्तर कर्नाटकात नवऱ्याचं नाव असंच कवितेत गुंफून घ्यायची पद्धत आहे, त्याला 'ओडपु' म्हणतात. आमच्या वहिनीने आधी कन्नडमधून ओडपु म्हटला, मग तिला जावेने शिकवलेला मराठी उखाणा घेतला. कुणी काही समजावून सांगितलं नाही, आणि दोन्ही बाजूंच्या बायका एकदमच हसल्या.

२. कुणाची भाषा आधी?

पाहुण्यांची. मिरजेत रिसेप्शन असेल तर कन्नड आधी, धारवाडला असेल तर मराठी आधी.

यात मान आहेच, पण मुख्य कारण व्यवहाराचं आहे. हॉलमध्ये यजमानांची माणसं जास्त असतात. त्यांच्या भाषेतली सूचना आधी झाली की ती ऐकून उठतात, खुर्च्या सरकतात, बोलणं सुरू होतं, आणि त्या गलक्यात दुसऱ्या भाषेतली सूचना बुडून जाते. पाहुण्यांची भाषा आधी आली, तर आपली माणसं आपली पाळी येईपर्यंत गप्प बसतात. हे मी दोन समारंभांत दोन्ही तऱ्हांनी करून पाहिलंय.

गाडीच्या नंबरांची घोषणा सोडली तर एकदा ठरवलेला क्रम शेवटपर्यंत बदलू नका. थोड्याच वेळात लोकांच्या कानाला सवय होते.

३. दोन माणसं की एक?

जमत असेल तर दोन. वधूकडचं एक माणूस सोबत घ्या, शक्यतो तिची बहीण, मावसभाऊ किंवा मैत्रीण. आपलं माणूस माईकवर दिसलं की त्या बाजूचे पाहुणे मोकळे होतात. काही अडलं तर तेही सरळ त्याच्याकडे जातात.

दोघं असाल तर एकच कागद दोघांकडे हवा. माईकही शक्यतो एकच ठेवा आणि हातातून हातात द्या. दोन माईक असले की दोघं एकमेकांच्या वाक्यावर बोलतात.

एकट्याने करणार असाल तर न येणाऱ्या भाषेत ऐन वेळी मनाने बोलू नका. लिहिलेलंच वाचा. आणि ते आठवडाभर आधी त्या भाषेतल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला फोनवर वाचून दाखवा. मी व्हॉट्सॲपवर आवाज रेकॉर्ड करून वहिनीच्या काकांना पाठवला होता. त्यांनी माझी पाच वाक्यं दुरुस्त करून, त्यांच्या आवाजात म्हणून परत पाठवली. ती मी रोज स्वयंपाक करताना ऐकायची.

४. नावं आणि नाती: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

स्टेजवर येणाऱ्या प्रत्येक जवळच्या माणसाचं नाव, गाव आणि नातं लिहून घ्या. कार्डावरून उतरवू नका, घरच्या माणसाला विचारा. कार्डावर छापताना चुका होतात, शिवाय घरात वेगळंच नाव रूढ असतं.

आता सापळे. मराठी आणि कन्नड इतक्या शेजारी नांदल्या आहेत की नात्यांचे कितीतरी शब्द सारखे वाटतात, आणि तिथेच पाय घसरतो.

कन्नडमध्ये 'तायि' म्हणजे आई. मी माईकवर पहिल्यांदा 'मी वराची ताई' असं म्हटलं, तेव्हा पुढच्या रांगेतल्या वधूच्या आत्या माझ्याकडे बघून आपसांत विचारू लागल्या की ही वराची आई कशी. धारवाडकडच्या कित्येक घरांत आजीला 'आयी' आणि आजोबांना 'मुत्या' म्हणतात. म्हणजे आपण 'वधूची आई' म्हटलं की त्यांच्या कानाला आजी ऐकू येऊ शकते. दोन्ही शब्द एकेक पिढी वर सरकतात. मोठ्या बहिणीसाठी 'अक्का' म्हणा, तो शब्द दोन्हीकडे चालतो. मोठ्या भावासाठी 'अण्णा'ही तसाच. आईसाठी कन्नड वाक्यात 'तायि' आणि मराठी वाक्यात 'मातोश्री' वापरा, मग गोंधळ राहत नाही.

'माव' हा शब्द मामालाही आहे आणि सासऱ्यालाही. 'अत्ते' म्हणजे आत्या आणि सासूही. नुसतं 'माव' म्हणून कुणाला स्टेजवर बोलावलं तर दोघं उठतात. आईच्या भावाला 'सोदरमाव' म्हणतात, तो शब्द वापरा.

आडनावांचंही तसंच. पाटील, कुलकर्णी, देशपांडे, देसाई, जोशी दोन्हीकडे आहेत. 'पाटील काकांनी स्टेजवर यावं' म्हटलं की काय होतं ते सांगायला नको. गाव जोडा: 'धारवाडचे पाटील', 'तासगावचे पाटील'. सोबत पहिलं नाव घ्या.

कागदावरच्या खुणांकडेही लक्ष असू द्या. आपण 'कै.' लिहितो तिथे कन्नड कार्डावर 'दि.' असतं, म्हणजे दिवंगत. मराठी डोळ्याला तो दिनांक वाटतो. लिंगायत घरांत 'लिं.' लिहितात, लिंगैक्य. गेलेल्या माणसाला स्टेजवर यायचं निमंत्रण देण्याइतकी वाईट चूक दुसरी नाही. म्हणून यादी हातात आली की पहिल्यांदा अशी नावं शोधा आणि त्यांच्यासमोर लाल पेनाने खूण करा.

मान कसा द्यायचा, तेही सांगते. कन्नडमध्ये नावानंतर 'अवरु' लावतात. पुरुष असो वा बाई, 'अवरु' लावलं की आदर झाला. आपण 'राव', 'ताई', 'साहेब' लावतो ते त्यांच्या नावांना जोडायला जाऊ नका.

गावांची नावं ज्या भाषेत बोलताय त्या भाषेतली घ्या. मराठी वाक्यात बेळगाव, कन्नड वाक्यात बेळगावि. २०१४ साली कर्नाटकात बेळगावी, हुब्बळ्ळी, विजयपुर ही नावं अधिकृत झाली, पण कन्नड बोलणाऱ्यांच्या तोंडी बेळगावि आणि हुब्बळ्ळि ही नावं आधीपासूनच होती. त्यावरून शेरा मारू नका, आणि पाहुण्यांपैकी कुणी मारला तर माईकवरून उत्तर देऊ नका. मांडवात सीमेचा विषय नको, एवढं मी दोन्ही घरांना आधीच विनवून सांगते.

५. कन्नड देवनागरीत लिहून घेताना

बहुतेकांना कन्नड लिपी येत नाही, म्हणून आपण देवनागरीत लिहितो. चालतं, पण दोन गोष्टी निसटतात.

एक, कन्नडमध्ये 'ए' आणि 'ओ' ऱ्हस्वही आहेत आणि दीर्घही. आपल्या लिहिण्यात तो फरक दिसत नाही. 'बेळे' ऱ्हस्व म्हटलं तर पीक, लांबवलं तर डाळ. 'कोडु' ऱ्हस्व म्हणजे दे, लांबवलं तर शिंग. मी दीर्घ अक्षराच्या डोक्यावर पेन्सिलीने आडवी रेघ काढते. वाचताना ती दिसली की थांबायचं, नाहीतर पटकन पुढे.

दोन, आपण शेवटचा 'अ' गिळतो. कन्नडमध्ये तो पूर्ण म्हणतात. 'ऊट' म्हणजे जेवण, पण मराठी माणूस ते वाचताना 'ऊट्' असं तोडतो. उत्तर कर्नाटकात तर सरळ 'ऊटा' असं लांबवतात. म्हणून मी कागदावर 'ऊटा' असंच लिहिते.

वाक्यरचनेची मात्र काळजी नको. मराठीसारखंच कन्नडमध्येही क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे श्वास कुठे घ्यायचा ते आपसूक कळतं.

६. तयार वाक्यं

पुस्तकी कन्नड बोलावं की घरचं? माझं मत असं: स्वागत आणि आभार पुस्तकी भाषेत, बाकी सगळं घरच्या भाषेत. धारवाड-हुबळीकडे शेवटी 'री' लावून आर्जव करतात. आपल्या दक्षिण महाराष्ट्राच्या कानाला तो हेल ओळखीचा आहे.

स्वागत: 'एल्लरिगू नमस्कार. ई आरतक्षते समारंभक्के तम्मेल्लरिगू आदरद स्वागत.' आरतक्षते म्हणजे रिसेप्शन. लगेच मराठीत: 'सर्वांना नमस्कार. या स्वागत समारंभात आपणा सर्वांचं मनापासून स्वागत.'

अहेर नको असेल तर: 'आशीर्वादवे उडुगोरे.' हे त्यांच्या कार्डांवर छापलेलंच असतं, त्यामुळे लगेच समजतं. मराठीत: 'आपले आशीर्वाद हाच अहेर.'

रांगेसाठी: 'दयविट्टु सालिनल्लि बन्नि.' मराठीत: 'कृपया रांगेने या.'

जेवणासाठी: 'ऊटद व्यवस्थे हिंदुगडे इदे. एल्लारू ऊटा माडकोंडे होग्रि.' मराठीत: 'जेवणाची सोय मागच्या बाजूला आहे. सगळ्यांनी जेवूनच जा.' हे वाक्य मी संध्याकाळभरात चार वेळा तरी म्हणते. शब्द बदलत नाही, म्हणजे उशिरा आलेल्यालाही तेच ऐकू येतं.

पदार्थांची नावं सांगणार असाल तर आधी केटररकडून यादी घ्या. पुरणपोळीला होळिगे म्हणतात, भरल्या वांग्याला एण्णेगायी, ज्वारीच्या भाकरीला जोळद रोट्टी. वधूकडच्या म्हाताऱ्या माणसांना होळिगे आहे म्हटल्यावर जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो.

आभार: 'एल्लरिगू धन्यवादगळु.' मराठीत: 'सर्वांचे आभार.'

७. गाडीचे नंबर आणि वेळा

रिसेप्शनमधली सगळ्यात जास्त वेळा होणारी घोषणा गाडीची, आणि तीच सगळ्यात घाईत होते. कुणीतरी धावत येऊन कानात नंबर सांगतं आणि आपण अर्धवट बोलतो.

नंबर कागदावर लिहून आणायला सांगा. तोंडी घेऊ नका. मग आधी गाडीचा रंग आणि कंपनी, त्यानंतर नंबर. पाटीवर केए असेल तर कन्नडमध्ये आधी, एमएच असेल तर मराठीत आधी, पण दोन्ही भाषांत बोलाच. मिरजेच्या माणसाने केए २५ची गाडी चालवत आणलेली असू शकते. आकडे एकेक सुटे म्हणा, 'चार-सात-एक-दोन' असे, 'सत्तेचाळीस बारा' नको. मराठीतले जोडआकडे परभाषिकाला फार अवघड जातात. कन्नड वाक्य: 'ई नंबरिन कारिनवरु दयविट्टु गाडि तेगेयिरि.'

वेळेचं तसंच. आपले सव्वा, साडे, पाऊण बाहेरच्याला झटकन कळत नाहीत. बसची वेळ कन्नडमध्ये सांगायची असेल तर आकडे घोकून ठेवा: एंटु आठ, ओंबत्तु नऊ, हत्तु दहा. साडेआठ म्हणजे एंटूवरे.

८. माईक आणि परवानगी

हे थोडक्यात. माईक तोंडापासून तीन-चार बोटं लांब धरा, जाळीवर मूठ आवळू नका. स्पीकरच्या समोर उभं राहिलं की शिट्टी वाजते, म्हणून स्पीकरच्या मागे राहा. कॉर्डलेस माईकचे पेन्सिल सेल संध्याकाळी नवीन घाला आणि एक जोडी खिशात ठेवा. साऊंडवाल्याशी हाताची खूण ठरवून ठेवा: हात वर केला की गाणं पूर्ण बंद, कमी नाही. पार्श्वभूमीला सनई असली तरी परक्या भाषेतलं वाक्य कानाला धूसर होतं.

लॉनवर किंवा उघड्या जागेत समारंभ असेल तर लाऊडस्पीकरची लेखी परवानगी लागते. आमच्याकडे तो अर्ज पोलीस ठाण्यात दिला. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. बंदिस्त हॉलमध्ये आतल्या आत चालतो. तेव्हा लॉनवर असाल तर बसची आणि आभाराची घोषणा पावणेदहाच्या आत उरका. त्यानंतर जे सांगायचं ते टेबलाटेबलावर जाऊन सांगावं लागतं, आणि तेही दोन्ही भाषांत.

९. सोबत काय ठेवायचं

– दोन्ही भाषांतला कागद, मोठ्या अक्षरात, दोन प्रती
– नाव, गाव, नातं अशी यादी, दिवंगतांच्या लाल खुणांसह
– लग्नपत्रिका, दोन्ही भाषांतली
– केटररची पदार्थांची यादी आणि जेवण सुरू व्हायची वेळ
– बसचालकाचा आणि वधूकडच्या एका जबाबदार माणसाचा फोन नंबर
– कोऱ्या चिठ्ठ्या आणि दोन पेनं
– सेल, पाण्याची बाटली, परवानगीच्या कागदाची प्रत

जाड पुठ्ठ्याची पाटी घ्या, पंख्याच्या वाऱ्यात कागद उडतात.

१०. त्या दिवशी

पाहुणे यायच्या अर्धा तास आधी पोहोचा आणि रिकाम्या हॉलमध्ये दोन्ही भाषांतलं एकेक वाक्य म्हणून पाहा. कुणाला तरी शेवटच्या रांगेत बसवा. त्याला शब्द न् शब्द सांगता यायला हवा.

मग माईक ठेवून खाली उतरा आणि वधूकडच्या वडीलधाऱ्यांना प्रत्यक्ष भेटा. कोण कुठे बसलंय, कुणाला ऐकायला कमी येतं, कुणाला गोळीसाठी वेळेवर जेवायचंय, ते बघून ठेवा. माईकवरची सूचना अशा माणसांपर्यंत पोहोचत नाही. त्यांच्यासाठी दोन्हीकडची दोन चुणचुणीत मुलं नेमा. जेवणाची घोषणा झाली की त्यांनी जाऊन हाताला धरून पानावर न्यायचं. आमच्याकडे हे काम माझ्या भाचीने आणि वहिनीच्या चुलतभावाने केलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यांनी यादीवर टिक करत काम संपवलं.

चूक झाली तर त्याच भाषेत, लगेच, एकदाच माफी मागून बरोबर वाक्य म्हणा. कन्नडमध्ये 'क्षमिसि' म्हणतात. फार वेळ दिलगिरी व्यक्त करत बसलात तर लोकांना चूकच लक्षात राहते.

बस निघायच्या अर्धा तास आधी एकदा आणि दहा मिनिटं आधी एकदा घोषणा करा. दुसरी झाली की माईक साऊंडवाल्याकडे देऊन स्वतः बसपाशी जा. दारात उभं राहून, प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाला चढताना विचारा, 'ऊटा आतेन्रि?' कुणी नाही म्हटलं तर चालकाला पंधरा मिनिटं थांबवा. चुलतभावाच्या वेळच्या त्या आजी भावाच्या रिसेप्शनलाही आल्या होत्या, दोन्ही घरं त्यांच्या नात्यातलीच. त्या पायरीवर थांबल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, 'आतु', म्हणजे झालं. मग पिशवीतून होळिगेची पुडी काढून दाखवली, घरी राहिलेल्या धाकट्या जावेसाठी बांधून घेतली होती.